पारख कोणाची, जबाबदारी कोणाची?

‘कॅव्हिएट एम्प्टॉर’, म्हणजे घेणाऱ्याने सावध असावे, हे सूत्र लॅटिन असल्याने रोमन कायद्यातले वाटते. प्रत्यक्षात रोममध्ये बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी गुलाम आणि जनावरे विकणाऱ्यांवर त्यांचे दोष आधी सांगण्याची सक्ती केली होती. सूत्राला खरे बळ मिळाले ते इंग्लंडात. तिथल्या एका सोनाराने ‘बेझोअर’ म्हणून शंभर पौंडांना खडा विकला. बकरीसारख्या जनावराच्या पोटात तयार होणारा हा खडा विषावर उतारा समजला जाई. तो खोटा निघाला, तरी १६०३ मध्ये गिऱ्हाईकच हरले. सोनाराने ‘बेझोअर आहे’ म्हटले होते, हमी दिली नव्हती!

घेणाऱ्याने पारखून घ्यावे हे रास्तच आहे, पण दोष पारखता येण्याजोगा असेल तर. वांगे किडके आहे का हे गिऱ्हाईक उलटून पाहू शकते. मिक्सरची मोटर कोणी दुकानात उघडून बघत नाही. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १६ आरंभी जुनेच तत्त्व सांगते आणि लगेच त्याला अपवाद जोडते: गरज सांगून, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलेला माल त्या कामाचा हवा. यावर व्यापारी म्हणतात की अशाने गिऱ्हाईक बेफिकीर होते. पण माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल हेच कलम सवलत देत नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीचाही सदोष मालापुढे टिकाव लागत नाही. बिलात मुदत नसेल, तर तीस दिवसांत तो परत घेण्यास नकार देणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित प्रथा ठरते.

जमिनीच्या व्यवहारात मात्र जुने सूत्र अजून जिवंत आहे. सहज न दिसणारा दोष विकणाऱ्याने सांगावा, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो खरा. पण दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. सातबारासुद्धा महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. म्हणूनच वकील तीस वर्षांचे दप्तर चाळतात आणि ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात देतात. जमीन घेणाऱ्यांनी फेरफार आणि ‘इतर हक्क’ या रकान्यातले बोजे आधी वाचावेत. इसाराचे पैसे त्यानंतरच द्यावेत.