दत्तक गेलेल्या भावंडाचा हक्क

घरातले एखादे मूल लहानपणीच निपुत्रिक फुफीला किंवा दूरच्या नातलगाला दिलेले असते. पुढे येणे-जाणे थांबते. वडिलांच्या पश्चात वारसनोंद करायची वेळ आली की प्रश्न उभा राहतो: त्याचे काय?

शरीअतनुसार दुसऱ्या घरी वाढल्याने जन्मदात्याच्या मालमत्तेतला हिस्सा जात नाही. म्हणून त्याला शोधणे वारसांचे कर्तव्यच ठरते.

आधी वडीलधाऱ्यांकडून गाव आणि अंदाजे साल विचारून घ्या. शहापूर किंवा मुरबाडच्या तहसील कार्यालयात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींसाठी गाव नमुना 14 मागा. मूल जिथे वाढले तिथल्या शाळेचे जनरल रजिस्टर, जमिनीचे फेरफार आणि निकाहनामा पाहा.

सूरह अहजाबच्या 5व्या आयतीत अशा मुलांना खऱ्या पित्याच्या नावाने ओळखण्याचा आदेश आहे. पण शाळेत पुष्कळदा सांभाळणाऱ्याचेच नाव लागते. तेव्हा दोन्ही नावांनी शोधा.

मूल संस्थेमार्फत कायदेशीर दत्तक गेले असेल, तर नातलगांना असा शोध घेता येत नाही. 18 वर्षे पूर्ण झाल्यावर ते स्वतः केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते.

हजरत जैद (रजि.) यांचे वडील हारिसा त्यांना शोधत मक्केला पोहोचले, तरी जैद यांनी प्रेषितांजवळच (स.) राहणे पसंत केले. सापडलेले भावंडही कदाचित परत येणार नाही. त्याचा हिस्सा मात्र त्याला पोहोचला पाहिजे.