कर्म आधी आलं तर

फ्रेंच शिकणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो भूतकाळाचा. 'मी चिठ्ठी लिहिली' हे फ्रेंचमध्ये 'झे एक्री ला लेत्र'. चिठ्ठी तिथेही स्त्रीलिंगीच, तरी 'एक्री' हे धातुसाधित जसंच्या तसं राहतं. मात्र 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना कर्म क्रियापदाच्या आधी येतं आणि 'ला लेत्र क झे एक्रीत' असं स्त्रीलिंगी रूप घ्यावं लागतं. जगभरच्या विद्यार्थ्यांना हा नियम लहरी वाटतो. मराठी माणसाला तो निम्मा तरी ओळखीचा वाटायला हवा, कारण शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग हाच: लाडू खाल्ला, पोळी खाल्ली. दोन्हीकडचं मूळ सारखं आहे. संस्कृतातलं 'लिखित' किंवा लॅटिनमधलं तसलंच रूप मुळात विशेषण. ते नामाच्या लिंगवचनाप्रमाणे चालणारच. मराठीने ही सवय टिकवली. फ्रेंचमध्ये 'जवळ असणे' या अर्थाचं क्रियापद त्या विशेषणाशी एकजीव होत गेलं आणि जुळणी सैल पडली. सोळाव्या शतकात कवी क्लेमां मारो याने इटालियनचा दाखला देत कर्म आधी आलं तरच जुळवा, असं सांगितलं. म्हणजे कोडं जुळणीचं नाही, ती अर्ध्यावर थांबली याचं आहे.

यावर कोणी म्हणेल, हे साम्य घातकच. मराठी विद्यार्थी कर्म नंतर आलं तरी स्त्रीलिंगी रूप लिहून मोकळा होईल. धोका खरा आहे. उलट बाजूही आहे: 'मी तिला पाहिलं' हा आपला भावे प्रयोग, क्रियापद नपुंसकलिंगी; फ्रेंचमध्ये मात्र 'तिला' आधी आल्यामुळे धातुसाधित स्त्रीलिंगी होतं. तेव्हा मराठीतून उत्तर उचलता येत नाही, पण प्रश्न नेमका उचलता येतो: इथे कर्म कोणतं, आणि ते कुठे आलं?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही जुळणी बहुतेक वेळा ऐकूच येत नाही, फक्त लिहिण्यात दिसते. मग एवढा खटाटोप कशाला? २०१८ मध्ये दोन बेल्जियन माजी शिक्षकांनी 'लिबेरासियों' या दैनिकातून अशी धातुसाधितं अविकारी ठेवावीत, असं सुचवलं होतं. सूचना तर्काला धरून आहे, पण प्रमाण लेखनात नियम आजही पाळला जातो. म्हणून बोलताना त्यासाठी अडू नये. लिहून झाल्यावर मात्र प्रत्येक वाक्यातलं कर्म शोधून पाहावं.