संपकाळात कामावर परतलेला कामगार संपफोड्या ठरतो काय?

संप हे कामगारांचे सामुदायिक साधन आहे. एकट्याने काम थांबविले तर त्याची जागा दुसरा घेतो. सर्वांनी थांबविले तरच मालकाला वाटाघाटी कराव्या लागतात. म्हणूनच संप चालू असताना गिरणीच्या दरवाजातून आत जाणाऱ्याविषयी कामगारवस्तीत तीव्र संताप असतो. 'संपफोड्या' हा शब्द तेथे शिवीसारखा वापरला जातो. हा शिक्का एकदा बसला की तो त्या माणसापुरता राहत नाही. त्याच्या घराला आणि प्रसंगी त्याच्या संपूर्ण समाजाला चिकटतो. म्हणून भूक, कर्ज, कायदा किंवा दंडशक्ती यांच्या दडपणाखाली कामावर परतलेल्या माणसास हे नाव देणे न्याय्य आहे काय, ह्या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. कामगाराच्या परतण्याने संपाचे नुकसान होते काय, हा पहिला प्रश्न. त्या नुकसानीचा दोष त्याच्याकडे जातो काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. चालू झालेला प्रत्येक माग मालकाचे बळ वाढवितो; तो माग चालविणारा उपाशी होता की लोभी, याने कापडाच्या उत्पादनात फरक पडत नाही. परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ परिणाम पाहून देता येत नाही. बौद्ध विचारात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे करणाऱ्याच्या संकल्पात मानले आहे. संकल्प करण्यास जेथे वावच उरला नाही, तेथे कृतीचा परिणाम दिसतो. परंतु तिच्या कर्त्याचा शोध अन्यत्र घ्यावा लागतो.

मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला व त्यात सुमारे दीड लाख कामगार सामील होते. त्या काळी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांचा स्पर्श झालेला धोटा हाताळण्यास सवर्ण कामगार तयार नसत. परिणामी अस्पृश्यांना कमी मजुरीच्या खात्यांत राहावे लागे. ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत समाविष्ट व्हावी, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला. पुढे १९२९ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला गेला, तेव्हा बाबासाहेबांनी त्यास विरोध केला आणि अस्पृश्य कामगारांनी कामावर जावे यासाठी प्रयत्न केले. दीर्घ संपाने कामगार आधीच कर्जबाजारी झाले होते, आणि नव्या संपामागे कामगारहितापेक्षा नेत्यांचे राजकारण अधिक आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्या भूमिकेवर तेव्हा टीका झाली. ती भूमिका योग्य होती की नव्हती, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु ज्या विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते, त्या खात्यातील आपल्याच सहकाऱ्यांसाठी त्याने दुसऱ्यांदा उपाशी राहावे, ही अपेक्षा करणाऱ्यांनी आधी ते दार उघडावयास नको होते काय? ज्याला ऐक्यात स्थान नाही, त्याच्यावर ऐक्य मोडल्याचा आरोप करणे तर्कास धरून होत नाही.

ह्याच बाबासाहेबांनी १९३८ मध्ये संपाच्या हक्काचे अत्यंत प्रभावी समर्थन केले. मुंबई विधानसभेत औद्योगिक कलह विधेयक आले, तेव्हा सप्टेंबर १९३८ मधील भाषणात त्यांनी असे प्रतिपादन केले की संप हा फार तर नोकरीच्या कराराचा भंग, म्हणजे दिवाणी स्वरूपाची चूक होय. तो गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे म्हणजे त्याला गुलाम करणे होय. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी ह्या विधेयकाच्या निषेधार्थ झालेल्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे राहिले. १९२९ आणि १९३८ मधील भूमिकांत वरकरणी विसंगती दिसते. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. काम थांबविणे हे कामगाराच्या स्वेच्छेचे कृत्य असले पाहिजे. सक्तीने कामावर लोटणे जितके गैर, तितकेच सक्तीने संपात ओढणेही गैर.

आता १९८२ च्या संपाकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या ह्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हा संप रीतसर तडजोडीने कधी मिटलाच नाही. महिन्यांमागून महिने गेले. गावी शेताचा तुकडा असलेला कामगार कोकणात वा घाटावर जाऊन काही काळ तग धरू शकला. ज्याला जमीन नव्हती, ज्याच्या खोलीचे भाडे थकले होते, ज्याच्या घरातील भांडी विकून झाली होती, त्याने काय करावे? बदली कामगाराची स्थिती तर अधिकच बिकट होती. कायम कामगार गैरहजर असेल तरच ज्याला काम मिळते, त्याच्यापाशी शिल्लक कोठून असणार? संप सर्वांकडून सारखाच त्याग मागतो. परंतु तो त्याग सोसण्याची शक्ती सर्वांपाशी सारखी नसते.

योगायोग असा की त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सक्तीचा अर्थ विशद केला. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सप्टेंबर १९८२ मध्ये न्यायालयाने म्हटले की राज्यघटनेच्या २३ व्या कलमातील सक्ती केवळ शारीरिक वा कायदेशीर नसते. ज्या आर्थिक परिस्थितीमुळे माणसापुढे दुसरा पर्याय उरत नाही, तीही सक्तीच होय. तो निर्णय किमान वेतनाहून कमी मजुरीसंबंधी होता, संपासंबंधी नव्हे. तरीही त्यातील विचार आपल्या प्रश्नास लागू पडतो. भुकेने केलेली सक्ती न्यायासनास दिसते, तर ती कामगारबंधूंना का दिसू नये?

यावर असा आक्षेप घेतला जाईल की मग प्रत्येक जण नाइलाजाची सबब सांगेल. आक्षेप रास्त आहे. म्हणून पारख केलीच पाहिजे. हा मनुष्य प्रारंभी संपात सहभागी होता काय? त्याचे सर्व मार्ग खरोखर खुंटले होते काय? त्याने मालकाकडून बढती वा जादा पैसा घेतला काय? संपकऱ्याची जागा कायमची बळकावली काय? आपली अडचण त्याने सोबत्यांना सांगितली, की रातोरात तो पलीकडे गेला? लाभासाठी गेलेला आणि उपासमारीने गेलेला यांतील भेद ह्या प्रश्नांतून स्पष्ट होतो. पहिला संपफोड्या होय. दुसरा पराभूत संपकरी होय.

शेवटचा प्रश्न मात्र संघटनेने स्वतःस विचारावयाचा आहे. सोबत्याने अडचण सांगितली, तेव्हा आपण काय केले? गिरणगावातील खानावळवाल्या बायांनी संपकाळात कामगारांना उधारीवर जेवू घातले. १९७३ च्या ४२ दिवसांच्या संपात त्या स्वतः कर्जात बुडाल्या आणि त्या अनुभवातूनच १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. संप टिकतो तो अशा अन्नावर, शिव्यांवर नव्हे. जी संघटना दुर्बलांच्या मागण्या आपल्या मागणीपत्रात घेते आणि त्यांची चूल पेटती ठेवते, तिलाच ऐक्य मोडणाऱ्यास जाब विचारण्याचा नैतिक अधिकार पोहोचतो. नाइलाजाने परतलेल्या माणसाला संपफोड्या म्हटल्याने संप वाचत नाही. केवळ ज्याने त्याला नाइलाजास आणले, तो दोषमुक्त होतो.