कुदळ, घमेले आणि पंगत

मे महिन्याच्या मध्याला चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो. शहाणी माणसे दुपारी दार लावून घेतात. नेमक्या त्याच दिवसांत महाराष्ट्रभरातून तरुण मुले-मुली मूलजवळच्या सोमनाथला माती खणायला जातात. बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली ही श्रमसंस्कार छावणी १५ ते २२ मे या आठवड्यात भरत आली आहे. तिथल्या माणसांत मिसळता येईल, हातून थोडे काम होईल असा प्रवास आपल्या मनात असेल, तर सुरुवातीला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

अर्ज करण्याआधी एक जुनी हकिगत ऐकून ठेवावी. १९५० च्या दशकात वरोड्याजवळ बाबांची कुष्ठरोग्यांची वसाहत, आनंदवन, उभी राहत होती. तेव्हा ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक तिथे येऊन राहिले. संस्था पिएर सेरेसोल या स्विस माणसाची. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले फ्रान्समधले एक गाव उभारायला त्याने १९२० मध्ये निरनिराळ्या देशांची माणसे जमवली होती आणि त्यांत जर्मनही होते. १९३४ च्या भूकंपानंतर तो बिहारातही येऊन राबला. आनंदवनात आलेल्या मंडळींनी बांधकाम केले, पण खरा फरक पडला तो त्यांच्या जेवणामुळे. तोवर वरोड्याचे लोक कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी विकत घ्यायला तयार नव्हते. हे पाहुणे रोज तीच भाजी खातात, हे गावाने पाहिले आणि आनंदवनाच्या भाजीला गिऱ्हाईक मिळू लागले.

भिंती गवंड्यांनीही बांधल्या असत्या. पंगतीला बसून गावाची भीती घालवणे मात्र बाहेरून आलेल्या माणसालाच जमण्याजोगे होते. सोमनाथला जाताना हे लक्षात ठेवावे, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. किती माती उपसली याचा हिशेब ते ठेवतात आणि जेवताना आपल्याच गावच्या मित्रांच्या घोळक्यात बसतात.

आता पहिली तयारी, आणि ती घरात बसूनच करायची आहे. सोमनाथ हाही बाबांचाच प्रकल्प आणि तिथली शेती कसली ती कुष्ठमुक्तांनी, म्हणजे उपचार घेऊन रोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी. या रोगाविषयीची भीती शिकलेल्या घरांतही अजून आहे, म्हणून सरळ सांगते. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. हा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. रोग आनुवंशिक नाही, पूर्वजन्मीच्या पापाशी त्याचा संबंध नाही. साधारण ९५ टक्के माणसांच्या शरीरात या जंतूला रोखण्याची ताकद उपजतच असते. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार, म्हणजे दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत, सर्वत्र आली. ती औषधे सुरू झाली की थोड्याच दिवसांत रोग्यापासून दुसऱ्याला लागण होणे थांबते. बोटे झडलेली दिसतात ती बधिर झालेल्या हातापायांना झालेल्या, वेळीच न कळलेल्या जखमांमुळे. रोग बरा झाला तरी ती खूण राहते. हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही समजावून द्यावे, नाही तर निघण्याच्या आदल्या रात्री वाद होतो.

मग अर्ज. त्या वर्षीची सूचना आनंदवनाच्या महारोगी सेवा समितीकडून निघते. वयाची अट, शुल्क, शेवटची तारीख हे सगळे तिच्यातूनच घ्यावे, गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या आठवणीवर विसंबू नये. आठवडा पूर्ण देता येणार असेल तरच नाव नोंदवावे. दोन दिवस राहून परतणारा माणूस यजमानांना सर्वांत महाग पडतो. त्याची झोपायची सोय करायची, त्याला काम समजावून सांगायचे, आणि हात वळू लागला की तो गाडी पकडतो.

दुसरीकडे कुठे जायचा विचार असेल तर अर्जाआधी तीन प्रश्न विचारावेत. हे काम कुणी मागितले? आपण नसलो तर ते कोण करते? आपण भरलेल्या पैशांतले गावात किती राहतात? आणि अनाथ मुलांच्या संस्थेत आठवडाभर मुलांशी खेळायला बोलावणारी जाहिरात दिसली, तर कृपा करून जाऊ नये. ज्या मुलांना एकदा सोडून दिलेले आहे, त्यांना दर आठवड्याला नवी माया लावून निघून जाणारी माणसे भेटू नयेत. याबाबत मला तडजोड मान्य नाही.

शरीराची तयारी तीन आठवडे आधी सुरू करावी. रोज पहाटे तासभर चालावे, जमल्यास कुणाच्या बागेत थोडे खणून पाहावे. रक्तदाब, दमा, फिट येणे असा काही त्रास असेल तर अर्जात लपवू नये. लपवलेला त्रास भर उन्हात उघडा पडतो, तेव्हा दहा जणांचे काम थांबते.

सामान थोडे असावे. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायात बंद बूट, अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी-पेला, विजेरी, पाण्याची मोठी बाटली आणि एक दुपट्टा. विदर्भात डोक्याला, कानांना, तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कुणी उन्हात पाऊल टाकत नाही, टोपीने भागत नाही. जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, चहाच्या लहान चमच्याने मोजून. तहान लागण्याची वाट न पाहता पीत राहावे.

पोहोचायला चंद्रपूरपर्यंत रेल्वे, तिथून मूलला एसटी. हा सारा ताडोबाच्या बाजूचा जंगलपट्टा आहे. वाघ-बिबटे इथे खरोखर असतात, म्हणून पहाटे किंवा अंधारात एकट्याने वाट सोडून फिरू नये.

छावणीत दिवस उजाडण्याआधीच सुरू होतो आणि श्रमदान ऊन चढायच्या आत उरकते. काम बहुधा माती-पाण्याचे असते, बांध घालणे, चर खणणे, साठलेला गाळ काढणे. हा धानाचा मुलूख. धानाच्या एका वाफ्याला इथे बांधी म्हणतात, शेताच्या वरच्या अंगाला पाणी धरणाऱ्या छोट्या तळ्याला बोडी. बोडीत पाणी असेल तर पावसाने ऐन वेळी ओढ दिली तरी धान तगते, म्हणून उन्हाळ्यातल्या गाळउपशाला मोल आहे.

पहिल्या दिवशी सगळेच जोरात सुटतात आणि नऊच्या आत हातांना फोड येतात. माझेही तेच झाले होते. एक वयस्क कुष्ठमुक्त गृहस्थ शांतपणे बाजूला येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझी पकड बदलून दिली. कुदळ मुठीत आवळायची नाही, वर जाताना पुढचा हात दांड्यावरून सैल सरकू द्यायचा, खाली येताना तिचे वजनच काम करते. ज्यांच्या पंजाला पुरती बोटे नव्हती त्यांनी मला कुदळ धरायला शिकवले. तो दिवस माझ्या मनातून गेलेला नाही.

घमेल्यांची साखळी करताना पाऊण घमेलेच भरावे. शिगोशीग भरलेल्या घमेल्याने पाचव्या माणसाची कंबर जाते आणि साखळी तुटते. पहारीला इथे सब्बल म्हणतात. कुणी सब्बल मागितली तर गोंधळू नये.

दुपारी भाषणे, चर्चा असतात. झोप येते, पण टिकून बसावे. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो जेवणानंतरचा सावलीतला मोकळा वेळ. तेव्हा इथल्या माणसांशेजारी जाऊन बसावे. ‘तुम्हाला हा रोग कसा झाला’ हा प्रश्न विचारू नये. ते त्यांनी शंभरदा सांगितलेले असते. धान कसे झाले, यंदा बोडी कधी आटली, असे विचारावे. या भागाची झाडीबोली कानावर पडेल, ‘पाणी’चे ‘पानी’ ऐकू येईल. ते सुधारायला जाऊ नये. झाडीपट्टीच्या नाटकांचा विषय काढून पाहावा. दिवाळीनंतर गावोगाव रात्र-रात्र चालणाऱ्या या नाटकांबद्दल बोलताना म्हातारी माणसेही खुलतात. आणि आपल्या गावचे काही आपणही सांगावे, एखादी ओवी, एखादा पदार्थ. नुसते विचारत राहिले की बोलणे चौकशीसारखे होते.

मोबाइल खिशातच राहू द्यावा. फोटो काढायचा तर ओळख झाल्यावर, विचारून, आणि झडलेल्या बोटांचा मुळीच नाही. कपडे, खाऊ, पैसे परस्पर वाटू नयेत. बाबांनी आनंदवन दानावर न टेकवता कामावर उभे केले. आपण भावनेच्या भरात हातावर ठेवलेली नोट त्या माणसाला पुन्हा घेणाऱ्याच्या जागी बसवते. द्यायचेच असेल तर संस्थेच्या कार्यालयात पावती घेऊन द्यावे.

शेवटच्या दोन दिवसांत मने भरून येतात आणि आश्वासने सुटतात. ‘पुढच्या महिन्यात येतो’, ‘तुमच्या मुलाला पुण्यात काम पाहतो’. ऐकणारा ते खरे धरतो. छावणीतूनच पुढे हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पासारख्या ठिकाणी आयुष्य घालवणारे कार्यकर्ते निघाले, पण त्यांचाही तो निर्णय निरोपाच्या रात्रीत झालेला नसावा. परतल्यावर महिनाभर थांबावे. तरीही ओढ असेल तर पत्र लिहून विचारावे, की कोणत्या महिन्यात, कोणत्या कामाला माणूस कमी पडतो. उत्तरात कोठारातल्या नोंदी किंवा स्वयंपाकघर आले तरी होकार द्यावा.

आणि कुणाला ‘फोटो पाठवते’ असे म्हटले असेल, तर तो मोबाइलमध्ये पडू देऊ नये. कागदावर छापून घ्यावा, मागे आपले नाव आणि गाव लिहावे, आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी टपालात टाकावा.