मृगातली हिरवी रेषा

हिवाळ्यात गडचिरोलीच्या अंधाऱ्या आकाशात मृग नक्षत्र पाहाल, तेव्हा पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला जरूर आठवा! 🔭

मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर मॅग्नेशियमशी जोडत. नायगमवालांनी १८९१ मध्ये पुण्यातूनच दाखवलं, की ही रेषा सुस्पष्ट आहे, मॅग्नेशियमच्या पट्ट्यासारखी एका बाजूला पसरट नाही. १९२७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बोवेन यांनी उलगडलं: ती आयनीभूत ऑक्सिजनची, ५००.७ नॅनोमीटरची!

असे वर्णपट तुम्हीही टिपू शकता! वर्णपट टिपणाऱ्या यंत्रासाठी, म्हणजे स्पेक्ट्रोग्राफसाठी, लहान दुर्बीण सोयीचीच. तिच्यात ताऱ्याची प्रतिमा बारीक पडते. प्रकाश आत सोडणारी फट (स्लिट) अरुंद ठेवूनही प्रकाश फारसा वाया जात नाही. त्यामुळे आटोपशीर यंत्रातही जवळजवळच्या रेषा वेगळ्या दिसतात. तेजस्वी ताऱ्यांपासून सुरुवात करा.

चंद्रपूर-गडचिरोलीकरांनो, आपलं अंधारं आकाश ही मोठी संपत्ती आहे. ती वापरूया, जपूया!

#खगोल #वर्णपट #चंद्रपूर #गडचिरोली