अंथरुणावरच्या माणसाचं बीपी मोजताना

बीपी मोजण्याच्या सूचना बहुधा खुर्चीत बसू शकणाऱ्या माणसासाठी असतात: पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, हात टेबलावर ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांना यातलं काहीच जमत नाही. मग हात गादीवर पडलेला असतानाच पट्टा गुंडाळला जातो आणि आकडा उगाच वाढलेला दिसतो.

उताण्या झोपलेल्या माणसाचं हृदय गादीपासून बरंच वर असतं, हात मात्र त्याच्या खाली राहतो. दंड हृदयापेक्षा 10 सेंटीमीटर खाली असेल तर आकडा 7-8ने जास्त येतो; तेवढाच वर असेल तर तेवढ्यानेच कमी. म्हणून दंडाखाली चादरीची घडी ठेवावी. गादी आणि छातीचं हाड यांच्या बरोबर मध्यावर दंड आला की पातळी जुळली. कुशीवर असताना मोजू नये, कारण तेव्हा दोन्ही हातांचे आकडे वेगळे येतात. उताणं करून पाच मिनिटं शांत राहू द्यावं.

अर्धांगवायू झाला असेल तर चांगल्या हाताला पट्टा बांधावा. डायलिसिसचा फिस्टुला असलेला हात, सलाइन लावलेला हात किंवा ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात तो हात वापरू नये. म्हातारपणी दंड बारीक होतात. पट्टा मोठा पडला तर आकडा कमी दाखवतो, लहान पडला तर जास्त. दंडाचा घेर टेपने मोजून पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहावा.

घरचं डिजिटल मशीन ठोके ऐकत नाही. पट्ट्यातली हवा कमी-जास्त होताना धमनीच्या ठोक्यांनी ती हवा थरथरते. ती थरथर मोजून मशीन वरचा आणि खालचा आकडा काढतं. म्हणूनच बोलणं, खोकला किंवा हाताचा कंप यांनी आकडा चुकतो. नाडी अनियमित असेल तर तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

वेळ सकाळच्या गोळीआधीची आणि संध्याकाळच्या जेवणाआधीची. त्यापूर्वी डायपर पाहावा, लघवीची नळी तुंबली नाही ना तेही पाहावं. भरलेलं मूत्राशय आणि दुखणं, दोन्हींनी बीपी चढतं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. घरी मोजलेलं 135/85 किंवा त्याहून वरचं बीपी एरवी जास्त मानतात. पण अशक्त, वयस्कर माणसासाठी किती चालेल हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, आणि घरोघरी राहून जाणारं. भरवण्यासाठी पाठीशी उशा लावून बसवण्याआधी एकदा मोजा, बसवल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20ने किंवा खालचा 10ने उतरला तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. नुसता झोपलेला आकडा पाहून गोळी वाढवली, तर बसवताच भोवळ येऊ शकते. मोजताना चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, तर आकड्याची वाट न पाहता लगेच आडवं करा.

आकडा 180/120च्या वर गेला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर डॉक्टरांना फोन करा. सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं किंवा नवा गोंधळलेपणा असेल तर थांबू नका, 108ला फोन करा. वरचा आकडा 90च्या खाली जाऊन माणूस गळून गेला असेल तरीही तेच. मनाने जादा गोळी देऊ नका, चालू गोळी बंद करू नका. वहीत प्रत्येक आकड्यापुढे ‘उताणी, डावा हात, गोळीआधी’ एवढं नक्की लिहा आणि डॉक्टरांकडे जाताना ती वहीच घेऊन जा.