कुकरी रक्त मागत नाही

कुकरी हे नेपाळच्या डोंगरी भागातले घरगुती अवजार आहे. पुढे झुकलेले पाते, टोकाच्या अलीकडे रुंद आणि जड झालेले त्याचे पोट, मुठीलगत धारेच्या बाजूला पाडलेली छोटी खाच, आतून लाकडाचे आणि वरून म्हशीच्या कातड्याने मढवलेले म्यान, आणि म्यानाच्या पाठीशी खोचलेली दोन लहान अवजारे, एवढे पाहिले की ती ओळखू येते. या दोहोंपैकी कर्दा ही बारीक कामाची सुरी. चकमक मात्र बोथट असते; ती पात्याची वळलेली धार सरळ करायला आणि गारगोटीवर ठिणगी पाडायला. हाताने घडवलेल्या कुकऱ्या जमवणारे हौशी जगभर आहेत. महाराष्ट्रातून काठमांडू-पोखऱ्याला किंवा दार्जिलिंगला गेलेले प्रवासीही हमखास एखादी घेऊन येतात. खरेदीवर एक गोष्ट फुकट मिळते: कुकरी एकदा म्यानाबाहेर आली की रक्त चाखल्याशिवाय आत जात नाही.

ही गोष्ट सपशेल खोटी आहे. तरी दुकानदार ती सांगतो, गाइड सांगतो, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना कुकरीचा नवा मालक सांगतो. तिची एक मवाळ आवृत्तीही फिरते. समोर शत्रू नसेल तर गुरखा स्वतःच्या बोटाला चीर देतो आणि मगच कुकरी म्यान करतो, अशी ती. सांगणाऱ्याने एका दिवसाचा तरी हिशेब मांडून पाहावा. कोकणात कोयता जी कामे करतो ती सगळी नेपाळच्या डोंगरात कुकरी करते. सकाळी जळण फोडायचे, गुरांसाठी डहाळ्या तोडायच्या, बांबू चिरायचा, वाटेवरची झुडपे सपासप उडवायची, संध्याकाळी चुलीपाशी भोपळा नाहीतर बोकडाचे मटण कापायचे. प्रत्येक खेपेला रक्ताचा नैवेद्य लागत असता तर नेपाळी शेतकऱ्याच्या हाताला एकही बोट उरले नसते. गुरखा पलटणीतला जवानही कुकरी पुसायला, तेल द्यायला, तपासणीला दाखवायला काढतो आणि निमूट परत ठेवतो.

लेखी पुरावा हवा असेल तर तोही जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी विल्यम कर्कपॅट्रिक १७९३ मध्ये नेपाळला गेला. त्याचा वृत्तांत १८११ मध्ये छापला गेला, म्हणजे इंग्रज-नेपाळ युद्धाच्या आधी, गुरखा सैनिकांभोवतीचे वलय तयार होण्यापूर्वी. लहान झाडे आणि फांद्या तोडणे हाच त्यात कुकरीचा मुख्य उपयोग सांगितला आहे, आणि वाटेत आडव्या आलेल्या फांद्या साफ करायला ती किती कामी येते याची कर्कपॅट्रिक स्वतः ग्वाही देतो. कमरेला कुकरी प्रत्येकाच्याच असते, हेही त्यात आहे. ज्या देशात प्रत्येक जण ती कमरेला लावून लाकडे तोडत होता, त्या देशाबद्दल रक्ताची अट सांगायला मोठे धाडस लागते.

मग ही कथा आली कुठून? कुकरीचा लढाईत उपयोग झाला, भरपूर झाला, यात वाद नाही. इंग्रज-नेपाळ युद्धात, १८१४ मध्ये, डेहराडूनजवळच्या नालापानीच्या किल्ल्यावर बलभद्र कुंवर यांच्या मूठभर सैन्याने कंपनीची फौज अडवून धरली आणि तिचा सेनापती जनरल गिलेस्पी तिथेच मारला गेला. १८१५ पासून कंपनी गुरख्यांचीच भरती करू लागली. पुढे शंभर वर्षे इंग्रजी आठवणी, वर्तमानपत्रे आणि युद्धकाळातला प्रचार यांनी या सैनिकांचे आणि त्यांच्या पात्याचे वर्णन चढत्या भाजणीने केले. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतही त्या काउंटच्या गळ्यावरून फिरते ती कुकरीच. शत्रूला धडकी भरत असेल तर अशी कथा खोडून काढण्यात कुठल्याच सेनापतीला रस नसतो. १९८२ च्या फॉकलंड युद्धात गुरखा बटालियन निघाल्याबरोबर कुकऱ्यांच्या बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात त्या बटालियनला हातघाईची लढाई जवळजवळ करावीच लागली नाही. यात दशैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या, बळीची भर पडली. नेपाळमध्ये दशैंला रेडे-बोकड एका घावात कापतात, त्यासाठी मोठी, जड पाती वेगळी असतात, आणि नवमीला शस्त्रांची व अवजारांची पूजा होते. खंडेनवमीला आपल्याकडेही हत्यारे पुजतात. म्हणून घरातली विळी वर्षभर रक्त मागते असे कोणी म्हणत नाही.

संग्राहकाचे या कथेने दुहेरी नुकसान होते. पहिले पैशाचे. जुन्या पात्यावरचे काळपट डाग 'रक्ताचे' म्हणून दाखवले जातात आणि किंमत चढते. कुकरीचे पोलाद गंजरोधक नसते. लिंबू, कच्चे आंबट फळ, झाडाचा चीक, ओली फांदी, काहीही लागले तरी त्यावर डाग पडतो. नुसत्या डोळ्यांनी त्यात रक्त ओळखता येत नाही, आणि ओळखता आले तरी ते बोकडाचे असण्याची शक्यता अधिक. दुसरे नुकसान नजरेचे. पात्यामागे फक्त लढवय्या दिसू लागला की ते घडवणारा दिसेनासा होतो. कुकरी घडवतात ते कामी, म्हणजे नेपाळमधले लोहार. यांच्यातले अनेक जण आज विश्वकर्मा हे आडनाव लावतात. म्यानाचे कातडे परंपरेने सार्की समाज करत आला. १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्याने या दोन्ही जातींना अस्पृश्य ठरवले होते. तो भेदभाव कायद्यातून गेला १९६३ मध्ये. गुरख्याच्या शौर्याची गोष्ट विकणाऱ्या दुकानात कामी हा शब्द क्वचितच ऐकू येतो, हे चीड आणणारे आहे. पूर्व नेपाळमधल्या भोजपूरची रुंद पोटाची 'भोजपुरे' कुकरी आणि सिरू गवताच्या पात्यासारखी सडपातळ 'सिरुपाते' हे दोन घाट तरी नावाने माहीत असणे ही संग्राहकाची पहिली पायरी आहे.

पाते घडताना पाहिले की पुष्कळ शंका आपोआप मिटतात. आरनमध्ये, म्हणजे लोहाराच्या भट्टीवर, लोखंड तापवून दोघे-तिघे आळीपाळीने घण घालतात. पाठ जाड ठेवतात, मुठीजवळ ती सहज ८ ते १० मिलिमीटर भरते, आणि टोकाकडे पातळ करत नेतात. शेवटी पाणी द्यायची वेळ येते. सबंध पाते पाण्यात बुडवत नाहीत. लालभडक पाते धार वर करून धरतात आणि चहाच्या किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार फक्त कडेवरून, पोटाच्या भागावर जास्त वेळ, मागेपुढे फिरवतात. चर्रर्र आवाज होतो, कड काळवंडते, पाठ अजून लालच असते. मग पाठीतली उरलेली ऊब कडेपर्यंत पोचून तिचा ठिसूळपणा थोडा कमी करते. त्यामुळे धार कठीण होते आणि पाठ चिवट राहते. लाकडावर घाव बसताना पाते तुटत नाही ते यामुळे. नव्या पात्यावर कानस फिरवून पाहावी: पोटाच्या कडेवर ती निसटते, पाठीवर चावते. जुन्या वस्तूवर हा प्रयोग अर्थातच करायचा नाही.

'ट्रकच्या पाट्यापासून केलेली म्हणजे भंगार' हा दुसरा ऐकीव निकाल. ट्रकचा कमानपाटा वर्षानुवर्षे वाकून पुन्हा सरळ व्हावा म्हणूनच तयार केलेला असतो. त्यात कार्बन पुरेसा असतो, घडवायला तो सोपा आणि पाणी घ्यायला भरवशाचा. कामी तो निवडून घेतात. उलट 'दमास्कस' म्हणून विकल्या जाणाऱ्या नागमोडी रेषांच्या कुकऱ्यांकडे संशयाने पाहावे. पुष्कळदा त्या रेषा आम्लाने नुसत्या पृष्ठभागावर उठवलेल्या असतात. पात्याचे शेपूट पूर्ण रुंदीचे आणि रिव्हेट मारलेले नसेल तर कुकरी कच्ची, हेही खरे नाही. जुन्या पारंपरिक कुकऱ्यांत निमुळते शेपूट मुठीत घालून लाखेने पक्के करत, आणि त्यांतल्या कित्येक आजही घट्ट आहेत.

मुठीलगतच्या खाचेबद्दल जितकी तोंडे तितकी उत्तरे ऐकायला मिळतात. ती शिवाचा त्रिशूळ आहे, गाईचा खूर आहे, रक्त मुठीपर्यंत येऊ नये म्हणून आहे, शत्रूची तलवार अडकवायला आहे. धार्मिक अर्थ लोक मानतात आणि तसे मानण्याला कोणाची हरकत नसावी. शेवटची दोन कारणे खोडायला मात्र कुकरी हातात घेऊन खाच एकदा पाहिली तरी पुरे. बोटाचे टोक जेमतेम मावेल एवढ्या जागेत तलवार अडकवायला शत्रूनेच मदत करावी लागेल. आणि पात्याच्या दोन्ही सपाट बाजूंवरून वाहणारा ओघळ कडेवरच्या खाचेपाशी थांबत नाही. दिसते ते इतकेच की धार खाचेच्या पुढे सुरू होते.

अलेक्झांडरच्या सैन्याने आणलेल्या ग्रीक 'कोपिस' तलवारीपासून कुकरी निघाली, हे विधान पुस्तकांतही सापडते. आकार मिळताजुळता आहे, पण मधल्या शतकांना जोडणारी वस्तू किंवा नोंद नाही. पुढे वाकलेले पाते प्राचीन स्पेनमध्येही होते. घाव घालणाऱ्या अवजाराला तो आकार सोयीचा पडतो. काठमांडूच्या छाउनीतल्या राष्ट्रीय संग्रहालयात एक कुकरी १५५९ मध्ये गोरखा जिंकणाऱ्या द्रव्य शाह यांची म्हणून दाखवली जाते. सर्वांत जुन्या कुकऱ्यांत तिची गणना होते. तिच्यात आणि अलेक्झांडरमध्ये सुमारे एकोणीसशे वर्षांचे अंतर आहे. फेकलेली कुकरी गळा कापून परत हातात येते असेही सांगतात; त्याचा प्रतिवाद करण्याची गरज नाही.

काळ ठरवताना मराठी वाचकाची सोय होते आणि फसगतही. राणा राजवटीतल्या नेपाळी सैन्याच्या कुकऱ्यांवर पलटणीचे नाव आणि साल देवनागरीत कोरलेले असते. ते वाचता येते म्हणून पात्यावर १९७० दिसले की 'पन्नासेक वर्षांची दिसते' असा अंदाज बांधला जातो. ते साल विक्रम संवताचे आहे. त्यातून ५७ वजा करावे, जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ५६. म्हणजे ती १९१३-१४ ची ठरते. उलट बाजूने, संवत १९१४ ची कुकरी पहिल्या महायुद्धातली म्हणून खपवली जाऊ शकते, प्रत्यक्षात ते साल १८५७-५८ असते. जुन्या नेपाळी वळणाचे ५, ८ आणि ९ मराठी आकड्यांहून वेगळे दिसतात, तेही घाईत चुकतात. अशा जुन्या कुकऱ्या बाजारात एवढ्या दिसतात त्याचे कारण रणभूमी नव्हे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा नेपाळ सरकारने २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांना विकला, त्यात त्या हजारोंनी होत्या.

नक्षी जितकी जास्त तितकी कुकरी मौल्यवान, असे समजणाऱ्यांसाठी सिंहमुखी पितळी मुठीच्या, पात्यावर 'इंडिया' असा इंग्रजी शिक्का मारलेल्या कुकऱ्या भारतात ढिगाने तयार झाल्या. त्या प्रवाशांसाठीच्या शोभेच्या वस्तू आहेत. चांदीचे नक्षीकाम केलेल्या म्यानाची 'कोथीमोरा' ही खरी मानाची कुकरी. सैन्यात ती निरोपाच्या वेळी भेट देतात. हस्तिदंती मुठीच्या वाट्याला जाऊ नये: भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

कायद्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात, 'शोभेची आहे, काही होत नाही' आणि 'घरात ठेवली की तुरुंग'. शस्त्र नियमांच्या पाचव्या प्रवर्गात कुकरीचे नाव स्पष्ट आहे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती त्यात येतात. घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी केलेली पाती वगळली आहेत. केंद्र सरकारने शस्त्र कायद्याच्या कलम ४ खाली अधिसूचित केलेल्या प्रदेशात अशा शस्त्रांना परवाना लागतो. बहुतेक सिरुपाते कुकऱ्या ९ इंचांच्या पुढे जातात, तेव्हा खरेदीपूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घेणे शहाणपणाचे. अंगावर बाळगून रस्त्याने फिरणे ही वेगळी बाब आहे. महाराष्ट्रात जमावबंदीच्या आदेशांत हत्यारे जवळ बाळगण्यावर सहसा बंदी असते. विमानात कुकरी हातातल्या सामानात चालत नाही.

जुने पाते चकचकीत घासू नये. काळपट थर निघाला की वयाची खूण गेली आणि किंमतही. कुकरी कायम म्यानातच ठेवणे ही आणखी एक चूक. कातडे ओल धरते, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चार महिन्यांत म्यानाच्या आतल्या बाजूने पात्याला गंज चढतो. पात्याला खनिज तेलाचा पातळ हात द्यावा, म्यान वेगळे ठेवावे. मूठ लाखेने बसवलेली असल्याने ती उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवली तर सैल होते. काढताना म्यान पाठीच्या बाजूने धरावे, बोटे धारेच्या शिवणीवर येऊ देऊ नयेत. जुनी शिवण उसवलेली असली तर पाते आतून बाहेर येते, आणि तेवढ्यापुरते मात्र कुकरी खरेच रक्त काढते.